शून्य ओळींचा पुरावा

हायबरनेट ही लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येक जावा प्रोग्रामरला हा संदेश कधी ना कधी भेटतोच: ‘ही ओळ दुसऱ्या ट्रान्झॅक्शनने बदलली किंवा काढून टाकली आहे.’ सूर इतका ठाम असतो की वाचणारा लगेच त्या ‘दुसऱ्या’च्या मागे लागतो. कुणी दोन टॅब उघडले होते का, रात्रीचा जॉब नेमका त्याच वेळी चालू होता का, सर्व्हरच्या दोन प्रती एकमेकींच्या पायात पाय घालत होत्या का? कधी असा कुणी सापडतो. पुष्कळदा सापडत नाही, कारण तो नसतोच. हायबरनेटने दुसरे ट्रान्झॅक्शन पाहिलेले नसते. डेटाबेसने परत केलेला एक आकडा, शून्य, एवढेच त्याच्या हाती असते. बाकीचा मजकूर हा त्या शून्यावरून बांधलेला तर्क. त्याच संदेशाच्या शेवटी कंसात ‘किंवा अनसेव्ह्ड-व्हॅल्यूची मांडणी चुकली असेल’ अशी पुस्तीही असते. ती मात्र सहसा कुणी वाचत नाही.

हे शून्य येते कुठून, ते एका गोदामाच्या नोंदीवर पाहू. टेबलात आयडी ४२ ची ओळ आहे, तांदळाची शिल्लक १० पोती. दोन कारकुनांनी एकाच वेळी ती ओळ उघडली. पहिल्याने ३ पोती विकली आणि शिल्लक ७ लिहिली. दुसऱ्याच्या पडद्यावर अजून १०च होते. त्याने ५ विकली आणि ५ लिहून मोकळा झाला. गोदामात उरली २ पोती, कागदावर ५. कुठेही चूक दाखवली गेली नाही, दोघांचेही ‘सेव्ह’ यशस्वी झाले. याला हरवलेला बदल म्हणतात. तो टाळायला त्याच ओळीत व्हर्जन नावाचा एक कॉलम ठेवतात. समजा ओळ वाचली तेव्हा त्यात ४ होते. मग हायबरनेट बदल लिहिताना डेटाबेसला सांगते: आयडी ४२ आणि व्हर्जन ४ असलेली ओळ शोध, शिल्लक ७ कर, व्हर्जन ५ कर. पहिल्या कारकुनाच्या वेळी एक ओळ बदलते. दुसराही व्हर्जन ४ ची ओळ मागतो, पण तशी ओळ आता उरलेलीच नसते. डेटाबेस ‘शून्य ओळी बदलल्या’ एवढे कळवतो. डेटाबेसच्या लेखी ही चूकही नाही. तिला चूक ठरवून एक्सेप्शन फेकते ते हायबरनेट.

या पद्धतीला ऑप्टिमिस्टिक लॉकिंग म्हणतात, पण तिच्यात आधीपासून धरून ठेवलेले लॉक असे काही नसतेच. टक्कर क्वचितच होईल असे गृहीत धरायचे आणि शेवटी तपासायचे, हा विचार कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ च्या निबंधात मांडला. त्याच्या उलट पेसिमिस्टिक लॉक. ते म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल: आधी जागा धरायची, मग निवांत चढायचे, आणि मागच्यांनी ताटकळायचे. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये हायबरनेट सुरू केले. पुढे २००६ मध्ये जावाच्या जगाने जेपीए हे प्रमाण स्वीकारले, तेव्हा त्यात फक्त ऑप्टिमिस्टिक पद्धत होती. पेसिमिस्टिक लॉक त्यात आले २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीत. म्हणूनच जुन्या प्रकल्पांत या दोन्हींची खिचडी दिसते, आणि ‘लॉकिंगचा एरर आलाय’ एवढ्या वाक्यावरून काहीच कळत नाही. शून्य ओळी, ताटकळणे आणि डेडलॉक हे तीन वेगळे आजार आहेत. स्प्रिंग फ्रेमवर्क त्यांच्या एक्सेप्शनवर आपली वेष्टने चढवते, त्यामुळे लॉग वाचताना सर्वांत आतले ‘कॉज्ड बाय’ गाठल्याशिवाय निदान करू नये.

शून्य ओळींच्या बाबतीत माझा पहिला सल्ला कोड उघडण्याचा नसतो. सुरुवातीला दिलेल्या संदेशात एंटिटीचे नाव आणि आयडी दिलेला असतो. तो घेऊन थेट डेटाबेसमध्ये जाऊन ती ओळ बघावी. तीनच गोष्टी दिसू शकतात. ओळ नाहीच, ओळ आहे पण व्हर्जन पुढे गेले आहे, किंवा ओळ आहे आणि व्हर्जन जिथल्या तिथे आहे. पाणी कुठे मुरतेय ते या तिघांपैकी काय दिसते त्यावरून बरेचसे कळते.

व्हर्जन पुढे गेले असेल तर ‘दुसरा’ खरेच होता. पण तो दुसरा म्हणजे बहुधा तोच माणूस असतो, ज्याने बटण दोनदा दाबले. किंवा तोच संदेश रांगेतून दोनदा आला आणि दोन ग्राहक-प्रक्रियांनी एकाच वेळी उचलला. कधी कधी तर आपणच आपल्या वाटेत येतो (तेव्हा ट्रान्झॅक्शन मागे गेल्यावर व्हर्जन जिथल्या तिथेच दिसते). ओळ आधी मेमरीत वाचलेली असते, मग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये कुणीतरी घाऊक अपडेटची क्वेरी चालवून व्हर्जन वाढवते. घाऊक क्वेरी थेट डेटाबेसशी बोलते. मेमरीतल्या प्रतीला त्याचा पत्ताच नसतो. ट्रान्झॅक्शन संपताना ती प्रत जुन्या व्हर्जनसह लिहायला जाते आणि शून्य घेऊन परत येते. अशा क्वेरीपूर्वी फ्लश आणि नंतर क्लिअर केले की हा घोळ मिटतो.

मुलांची यादी हाही एक छुपा कारभारी आहे. पालक एंटिटीच्या मालकीच्या कलेक्शनमध्ये एक नोंद घातली किंवा काढली, की पालकाचा एकही कॉलम न बदलता त्याचे व्हर्जन वाढते. दोन माणसे एकाच ऑर्डरला दोन वेगळे टॅग लावतात आणि त्यांतल्या एकाला एक्सेप्शन मिळते. व्यवहारात ही टक्कर नाहीच. ते कलेक्शन व्हर्जनच्या हिशोबातून वगळण्याची सोय हायबरनेटमध्ये आहे. ती वापरावी, पण विचार करून. यादीच्या बेरजेवर ऑर्डरची रक्कम ठरत असेल तर ती टक्कर खरी मानायलाच हवी.

ओळ नाहीच, हा प्रकार २०२४ पासून अचानक वाढला, आणि त्यात ‘दुसरा’ बिचारा पूर्णपणे निर्दोष होता. स्प्रिंगच्या रिपॉझिटरीची सेव्ह ही पद्धत आधी एंटिटी नवी की जुनी ते ठरवते. आयडी रिकामा असेल तर नवी, भरलेला असेल तर जुनी, म्हणून मर्ज. (व्हर्जनचा प्रकार नल होऊ शकणारा असेल तर निर्णय त्याच्यावरून होतो.) आता आयडी आपोआप तयार होईल असे मॅपिंगमध्ये लिहिले आहे, पण चाचणीच्या डेटासाठी कुणीतरी हातानेच आयडी १ घातला. पूर्वी हायबरनेट मर्ज करताना ओळ शोधायचे, सापडली नाही की मुकाट्याने नवी घालायचे. ६.६ आवृत्तीने हे बंद केले. तिचा युक्तिवाद असा: आयडी आपोआप बनतो, तो भरलेला आहे, म्हणजे ही ओळ कधीतरी डेटाबेसमध्ये होती, आता दिसत नाही, म्हणजे कुणीतरी काढून टाकली. युक्तिवाद चोख आहे. फक्त, एकच थ्रेड आणि रिकामे टेबल असलेल्या चाचणीत ‘दुसऱ्या ट्रान्झॅक्शनने काढली’ असे वाचून माणूस चक्रावतो. उपाय अगदी साधा: हाताने आयडी घालू नका, किंवा हातानेच घालायचा असेल तर मॅपिंगमधून आपोआप निर्मिती काढून टाका.

ट्रान्झॅक्शन चालू असताना ओळ नाहीशी होण्याचे दुसरे कारण डिलीटमध्ये असते. पालक काढला, डेटाबेसच्या फॉरेन कीवर कॅस्केड आहे म्हणून मुले त्याच्याबरोबर गेली, आणि मागाहून हायबरनेट त्याच मुलांना स्वतः काढायला गेले. तेव्हा संदेश जरा वेगळा येतो: बॅचमधून एक ओळ अपेक्षित होती, शून्य मिळाली. एकाच कामाचे दोन मालक झाले की असे होते. कॅस्केड कोण करणार, जावा की डेटाबेस, हे एकदाच ठरवावे.

तिसरी शक्यता मला सर्वांत गमतीची वाटते: ओळ आहे, व्हर्जन तेच आहे, तरी शून्य. इथे संशय टेबलाच्या मांडणीवर घ्यावा. व्हर्जनसाठी आकड्याऐवजी वेळ वापरली असेल तर जावाकडे सेकंदाचे अपूर्णांक असतात. मायएसक्यूएलचा साधा डेटटाइम कॉलम मात्र पूर्ण सेकंदच ठेवतो. लिहिलेली वेळ आणि साठवलेली वेळ जुळत नाही, आणि ‘याच वेळेची ओळ दे’ म्हटल्यावर ती मिळत नाही. व्हर्जनसाठी पूर्णांक वापरावा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरा संशयित म्हणजे ट्रिगर. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १० व्या आवृत्तीपूर्वी, म्हणजे २०१७ च्या आधी, टेबलाचे भाग पाडायचे तर मुख्य टेबलावर ट्रिगर लावत. तो आलेली ओळ योग्य भागात टाकायचा आणि मुख्य टेबलाला ‘काही नाही’ असे उत्तर द्यायचा. ओळ व्यवस्थित जागेवर पडलेली, पण मोजणीत शून्य. हायबरनेट ओरडायचे आणि सगळे ट्रान्झॅक्शन मागे घेतले जायचे. असे जुने टेबल अजूनही एखाद्या कोपऱ्यात भेटते.

व्हर्जन कॉलम चालत्या प्रकल्पात नव्याने घातला असेल तर जुन्या ओळी आधी शून्याने भराव्यात. तिथे नल राहिले तर हायबरनेटला वस्तू जुनी आहे की नवी हेच नीट ठरवता येत नाही. कंसातली ती पुस्ती याच गोंधळाबद्दल बोलते.

आणखी एक सवय लावून घ्यावी. एक्सेप्शन कोडच्या ज्या ओळीवर येते तिथे चूक सहसा नसते. सेटरने किंमत बदलली की हायबरनेट फक्त लक्षात ठेवते. खरे अपडेट फ्लशच्या वेळी, बहुधा कमिटच्या तोंडावर जाते. त्यामुळे स्टॅक ट्रेस ट्रान्झॅक्शनच्या शेवटाकडे बोट दाखवतो आणि दहा पद्धतींपैकी कोणती गुन्हेगार ते सांगत नाही. तपासापुरते मधे मधे स्पष्ट फ्लश घालून पाहावे आणि एसक्यूएलचा लॉग थ्रेडच्या नावासकट चालू करावा. बांधलेल्या किमती दिसल्या पाहिजेत. नुसती प्रश्नचिन्हे असलेली क्वेरी पाहून व्हर्जन ४ गेले की ५ ते कळत नाही.

एरर येतो तिथे निदान डेटा वाचलेला असतो. मला खरी धास्ती वाटते ती एरर न येण्याची. फॉर्ममध्ये लपवलेल्या खान्यात व्हर्जन ४ आहे. माणूस चहा पिऊन येईपर्यंत दुसऱ्याने तीच नोंद बदलली, डेटाबेसमध्ये ५ झाले. फॉर्म आल्यावर कोड काय करतो? आयडीने एंटिटी वाचतो, तिच्यात फॉर्ममधल्या सगळ्या खान्यांतला मजकूर ओततो, व्हर्जनही ४ करतो. दिसायला चोख. पण वाचलेल्या, म्हणजे हायबरनेटच्या ताब्यातल्या एंटिटीवर हाताने घातलेले व्हर्जन हायबरनेट जुमानत नाही. वाचताना मिळालेले ५ त्याने स्वतःकडे नोंदलेले असते आणि तपासणी त्याच्याशीच होते. तपासणी पास, दुसऱ्याचा बदल गायब, लॉग स्वच्छ. इथे फॉर्ममधले व्हर्जन आणि वाचलेले व्हर्जन आपणच ताडून पाहावे लागते, किंवा फॉर्मवरून सुटी एंटिटी तयार करून तिचे मर्ज करावे लागते. मर्ज व्हर्जन तपासते. अनेक संघ ‘आमच्याकडे ऑप्टिमिस्टिक लॉकिंग आहे’ म्हणतात तेव्हा त्यांच्याकडे फक्त व्हर्जन कॉलमवरचे अ‍ॅनोटेशनच असते.

आता ताटकळण्याचा आजार. फॉर अपडेट म्हणून ओळ धरली आणि मग ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून पेमेंट गेटवेला फोन लावला. गेटवे सावकाश उत्तर देतोय, तोवर त्या ओळीच्या मागे रांग लागते. मायएसक्यूएलमध्ये अशी वाट पाहण्याची मुदत मुळात ५० सेकंद असते, मग चूक क्रमांक १२०५ येते. पण लॉगमध्ये सर्वांत आधी ती दिसत नाही. हिकारी या कनेक्शन पूलमध्ये मुळात १० कनेक्शन असतात आणि कनेक्शन मिळण्याची मुदत ३० सेकंद. ताटकळणाऱ्या दहा विनंत्यांनी दहाही कनेक्शन अडवली की अकरावी ३० व्या सेकंदाला कोसळते, ‘कनेक्शन उपलब्ध नाही’ म्हणत. लॉकची खरी चूक त्यानंतर उगवते. मग कुणीतरी पूल १० चा ५० करते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आता पन्नास जण त्याच ओळीसाठी ताटकळतात, एवढाच फरक.

१२०५ ची आणखी एक खोड आहे. मुळातल्या सेटिंगप्रमाणे मायएसक्यूएल फक्त ते एक विधान मागे घेते, अख्खे ट्रान्झॅक्शन नाही. कोडने एक्सेप्शन गिळून पुढे कमिट केले तर अर्धे काम कायम होते. (एसक्यूएल सर्व्हरमध्ये हाच १२०५ क्रमांक डेडलॉकचा आहे. डेटाबेस न विचारता नुसता क्रमांक शोधणाऱ्याने जपून.) पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये लॉकची वाट पाहण्याला मुळात मुदतच नसते. लोक जेपीएच्या हिंटमध्ये पाच हजार मिलिसेकंद लिहून निर्धास्त होतात, पण पोस्टग्रेएसक्यूएलच्या फॉर अपडेटमध्ये ‘थांबूच नको’ किंवा ‘लॉक असलेल्या ओळी वगळ’ एवढेच सांगता येते. ‘पाच सेकंद थांब’ म्हणण्याची जागाच नाही. ती मुदत लॉक टाइमआउट या वेगळ्या सेटिंगने द्यावी लागते. कोण कुणाला अडवतोय हे पाहायला त्याच्याकडे पीजी ब्लॉकिंग पिड्स हे फंक्शन आहे. अडवणाऱ्याची अवस्था ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसली तर खुशाल समजावे की जावाचा कोड मधेच दुसरीकडे कुठेतरी रमला आहे.

डेडलॉकचे पाठ्यपुस्तकी उदाहरण सर्वांना पाठ असते: अ ने पहिली ओळ धरली, ब ने दुसरी, आणि दोघांना एकमेकांची हवी. त्यावर हायबरनेटमध्ये अपडेट प्राथमिक कीच्या क्रमाने पाठवण्याचे ऑर्डर अपडेट्स नावाचे सेटिंग आहे, ते चालू करावे. पण हायबरनेटबरोबर मायएसक्यूएल वापरणाऱ्यांना जो डेडलॉक खरोखर छळतो तो एकाच ओळीवर होतो. ऑर्डरमध्ये नवी वस्तू घालायची आणि ऑर्डरचे व्हर्जन वाढवायचे, एवढेच काम. फ्लशमध्ये हायबरनेट आधी इन्सर्ट पाठवते, मग अपडेट. वस्तू इन्सर्ट करताना फॉरेन की तपासायला मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन पालक ऑर्डरच्या ओळीवर सामायिक लॉक घेते. दुसरे ट्रान्झॅक्शनही त्याच ऑर्डरमध्ये वस्तू घालते. सामायिक लॉक दोघांना मिळते. मग दोघेही ऑर्डरचे अपडेट पाठवतात, त्याला अनन्य लॉक लागते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचे सामायिक लॉक सुटण्याची वाट पाहतो. चूक १२१३, एकाचे ट्रान्झॅक्शन मागे. ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’ चालवले की शेवटच्या डेडलॉकचा पंचनामा मिळतो, आणि त्यात दोन्हीकडे ‘एस’ हातात आणि ‘एक्स’ची प्रतीक्षा असे दिसले की समजावे हाच प्रकार. उपाय म्हणजे वस्तू घालण्यापूर्वी ऑर्डरची ओळच फॉर अपडेटने धरणे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून फॉरेन कीची तपासणी इतके सौम्य लॉक घेते की कीला हात न लावणारे अपडेट त्यात अडत नाही. तोच जावा कोड एका डेटाबेसवर गुण्यागोविंदाने नांदतो आणि दुसऱ्यावर भांडतो, तो असा.

यानंतर सगळे ‘पुन्हा प्रयत्न करू’ या उपायाकडे वळतात. तो बरोबर आहे, पण जागा चुकते. एक्सेप्शन आल्यावर हायबरनेटचे ते सेशन टाकून द्यायचे असते, आणि ट्रान्झॅक्शनवर रोलबॅकचा शिक्का बसलेला असतो. त्याच्या आत कितीही वेळा प्रयत्न केला तरी शेवटी कमिट होणार नाही. पुन्हा प्रयत्नाचे वेटोळे ट्रान्झॅक्शनच्या बाहेर हवे, आणि प्रत्येक फेरीत ओळ नव्याने वाचली पाहिजे. शिवाय स्प्रिंगमध्ये एकाच क्लासमधल्या पद्धतीने दुसरीला थेट हाक मारली तर ट्रान्झॅक्शनचे अ‍ॅनोटेशन लागूच होत नाही.

कशावर पुन्हा प्रयत्न करावा हाही प्रश्न आहे. शिल्लक ३ ने कमी करणे आंधळेपणाने पुन्हा करता येते. खरे तर तिथे ‘शिल्लक ३ किंवा जास्त असेल तर ३ वजा कर’ अशी एकच अपडेट क्वेरी या सगळ्या कटकटीपेक्षा सरस. पण माणसाने पत्ता दुरुस्त करून पाठवला असेल तर आपोआप पुन्हा प्रयत्न म्हणजे त्याने न पाहिलेला बदल त्याच्या नावावर पुसून टाकणे. तिथे त्याला ताजी नोंद दाखवून विचारावे.

दुरुस्ती झाली याची खात्री करताना एक सापळा आहे. चाचणीच्या पद्धतीवर ट्रान्झॅक्शनचे अ‍ॅनोटेशन असेल तर स्प्रिंग शेवटी सगळे मागे घेते. फ्लश न होताच चाचणी संपू शकते, म्हणजे व्हर्जनची तपासणी करणारे अपडेट डेटाबेसपर्यंत जातच नाही आणि चाचणी हिरवी दिसते. लॉकची चाचणी त्या अ‍ॅनोटेशनशिवाय लिहावी, दोन थ्रेड, दोन स्वतंत्र ट्रान्झॅक्शन, आणि दोघांनी ओळ वाचल्याशिवाय कुणीच लिहू नये म्हणून मधे एक काउंटडाउन लॅच. ती चालवावी त्याच डेटाबेसवर जो प्रत्यक्षात वापरायचा आहे. मेमरीतला एचटू मायएसक्यूएलसारखे लॉक घेत नाही, त्यामुळे वर सांगितलेला ऑर्डरचा डेडलॉक तिथे पकडला जाईल अशी आशा धरू नये.